जाताना सोळा तास, येताना चौदा: अंतर तर तेवढंच!

प्रश्न: माझा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. यंदा हिवाळ्यात त्याच्याकडे जायचं ठरतंय. मुंबईहून रात्री १ वाजता सुटणारं विमान न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ६.३० ला पोचतं, असं तिकिटावर छापलंय. म्हणजे प्रवास साडेपाच तासांचा. परतीचं विमान सकाळी ११ ला सुटून दुसऱ्या दिवशी ११.३० ला मुंबईत उतरतं, म्हणजे साडेचोवीस तास. मुलगा म्हणतो, दोन्ही चूक. जायला १६ तास लागतात आणि यायला १४. अंतर शोधलं तर एके ठिकाणी १२,५०० सापडलं, दुसरीकडे ७,८००, तिसरीकडे ६,७७०. शेजारचे काका म्हणतात, पृथ्वी फिरते म्हणून येताना कमी वेळ लागतो. पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला न्यूयॉर्कच सामोरं यायला हवं ना? शिवाय विमान म्हणे रशिया आणि आइसलंडवरून जातं. नकाशात तर आफ्रिकेवरून सरळ रस्ता दिसतो. मग एवढा वळसा कशाला? (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर: तुमच्या एका पत्रात चार-पाच शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. त्या एकेक करून सोडवू. सगळ्यांत सोपी आहे ती घड्याळाची, म्हणून आधी तीच घेऊ.

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. न्यूयॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. मुंबईहून रात्री १ ला निघून १६ तास उडालात की मुंबईत संध्याकाळचे ५ वाजलेले असतात. त्यातून साडेदहा तास वजा केले की न्यूयॉर्कचे सकाळचे ६.३०. परतताना न्यूयॉर्कला सकाळी ११ ला निघून १४ तासांनी तिथल्या घड्याळात रात्रीचा १ होतो. त्यात साडेदहा तास मिळवले की मुंबईचे सकाळचे ११.३०. म्हणजे तिकीटही खरं आणि तुमचा मुलगाही खरा.

यात एक सोपा ताळा आहे. तुम्ही काढलेले साडेपाच तास आणि साडेचोवीस तास यांची बेरीज करा. ३० येते. १६ आणि १४ यांची बेरीजही ३०च. घड्याळांतला फरक जाताना जेवढा वजा होतो तेवढाच येताना मिळतो, म्हणून दोन्ही फेऱ्यांच्या बेरजेत तो उरतच नाही. कोणत्याही दोन गावांच्या तिकिटांवर हा ताळा करून पाहता येईल. फक्त मधल्या काळात तिकडची घड्याळं बदललेली नसावीत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्यामुळे उन्हाळ्यात हाच फरक साडेनऊ तासांचा असतो. तुम्ही जूनमध्ये याच वेळेला निघालात, तर प्रवास तेवढाच होऊनही न्यूयॉर्कला ७.३० वाजता पोचाल.

घड्याळ ही माणसांनी आपसांत ठरवलेली गोष्ट आहे, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. १९०६ साली देशाला एक प्रमाणवेळ मिळाल्यावरही मुंबईने आपला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडला नव्हता. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता. सूर्याच्या हिशोबाने तो बरोबरच होता, कारण प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावरून ठरते आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे.

आता अंतर. तुम्हाला सापडलेले तिन्ही आकडे एकाच अंतराचे आहेत. १२,५०० हे किलोमीटर, ७,८०० हे आपल्या ओळखीचे मैल आणि ६,७७० हे सागरी मैल. साधा मैल सुमारे १.६ किलोमीटरचा, तर सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. वैमानिक अजून सागरी मैलातच हिशोब करतात, आणि त्याला सबळ कारण आहे. पृथ्वीच्या गोलावर एका अंशाचे ६० भाग केले की प्रत्येक भागाची लांबी साधारण एक सागरी मैल भरते. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन जवळपास ११३ अंशांचा आहे. त्याला ६० ने गुणलं की अंतर आपोआप हाताशी येतं. मात्र हे आकडे सगळ्यांत जवळच्या वाटेचे आहेत. प्रत्यक्षात विमान जितकं उडतं ते अंतर रोज थोडं वेगळं असतं आणि नेहमीच यापेक्षा जास्त भरतं.

ही सगळ्यांत जवळची वाट कोणती, हे कागदी नकाशा सांगू शकत नाही. भिंतीवरचा नकाशा बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये तो खलाशांसाठी रचला. होकायंत्रावर एक दिशा धरून चालत राहिलं तर तो मार्ग नकाशावर सरळ रेषेत दिसावा, एवढाच त्याचा उद्देश होता. ते त्याने उत्तम साधलं. पण त्यासाठी ध्रुवांकडचे प्रदेश भलतेच ताणावे लागले. त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो, आणि खरी आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदापट आहे. उत्तरेकडचा रस्ता त्यावर लांबलचक वाटतो तो याच ताणामुळे.

घरात किंवा जवळच्या शाळेत पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. त्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. आफ्रिकेवर तो टिकणारच नाही. घसरून उत्तरेकडे जाईल आणि मगच घट्ट बसेल. मुंबईहून निघताना तो पश्चिमेकडे जातच नाही. उत्तरेच्या दिशेला जरा पश्चिमेकडे झुकून निघतो. सिंध, अफगाणिस्तानात कंदहारच्या आसपासचा भाग, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मग जवळजवळ मॉस्को, पुढे हेलसिंकी, स्वीडन, नॉर्वे. नॉर्वे आणि आइसलंड यांच्यामधल्या समुद्रावर त्याचं सगळ्यांत उत्तरेचं ठिकाण येतं, ६५ अंशांच्या थोडं अलीकडे. तिथून तो खाली वळतो तो आइसलंडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करून, कॅनडातल्या लाब्राडोरवरून न्यूयॉर्ककडे. मी हे गणिताने काढून पाहिलं तेव्हा एकाच वाटेवर एवढी ओळखीची नावं ओळीने आलेली बघून फार मजा वाटली.

नकाशावरची तुमची सरळ रेषा सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया आणि मोरोक्को ओलांडून अटलांटिकवर जाते. तिची लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. म्हणजे ‘सरळ’ रस्त्याने गेलात तर १,७०० किलोमीटर जास्त. वळसा नकाशात आहे, विमानाच्या वाटेत नाही.

आता काकांचं म्हणणं. पृथ्वी फिरते म्हणून वेळात फरक पडतो, ही समजूत इतकी पसरलेली आहे की शिकलेली माणसंही ती सहज बोलून जातात. तुम्ही तिच्यावर घेतलेली शंका मात्र अगदी योग्य आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. ती विमानाखालून सरकत असती तर पश्चिमेला जाणाऱ्यालाच फायदा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात उलट होतं, तेव्हा कारण दुसरीकडेच असणार.

पृथ्वी विमानाखालून सरकत का नाही? मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते आहे. समजा, शिवाजी पार्कवर एक हेलिकॉप्टर सरळ वर गेलं आणि तासभर एका जागी तरंगत राहिलं. पृथ्वी त्याच्याखालून निघून जात असती तर ते उतरताना ओमानच्या किनाऱ्यावर उतरलं असतं. पेट्रोलचा एवढा खर्च वाचला असता तर दुबईला जाणाऱ्या प्रत्येकाने हेच केलं असतं. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. जमिनीवर उभं असतानाच हेलिकॉप्टरला तो वेग मिळालेला असतो, आणि वर गेल्यावर भोवतालची हवाही त्याच वेगाने चाललेली असते. विमानाचं तसंच. ते हवेला धरून उडतं आणि हवा पृथ्वीला धरून फिरते. म्हणून विमानाला किती वेळ लागेल हे विचारायचं तर जमीन किती वेगाने फिरते हे न बघता हवा जमिनीच्या मानाने कुठे आणि किती वेगाने चालली आहे, हे बघावं लागतं.

आणि हवा चाललेली असते. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमानं जिथे उडतात नेमक्या त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्याच्या नद्या आहेत. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. काही शे किलोमीटर रुंद आणि जाडीला अगदी थोड्या, नागमोडी वळणं घेत त्या पृथ्वीभोवती फिरत असतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो आणि हिवाळ्यात तो तीनशेच्या वरही जातो. नदीत होडी प्रवाहाबरोबर सोडली तर वल्ही तेवढीच मारून लवकर पोचते आणि प्रवाहाविरुद्ध रखडते. इथेही तसंच घडतं.

हे वारे येतात कुठून? विषुववृत्ताकडची हवा तापलेली आणि फुगलेली असते, ध्रुवाकडची थंड आणि दबलेली. त्यामुळे दहा किलोमीटर उंचीवर विषुववृत्ताकडे हवेचा दाब जास्त आणि ध्रुवाकडे कमी असतो. हवा साहजिकच ध्रुवाकडे निघते. पण ती फिरत्या गोलावर चाललेली असल्यामुळे उत्तर गोलार्धात उजवीकडे वळत जाते, आणि उत्तरेकडे निघालेल्याचा उजवा हात म्हणजे पूर्व. अशा रीतीने ती शेवटी पूर्वेकडे वाहू लागते. ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातला फरक हिवाळ्यात वाढतो, म्हणून हे वारेही हिवाळ्यात जोरकस होतात. तेव्हा काकांना सांगा की पृथ्वीच्या फिरण्याचा यात हात आहे खरा, पण तो वाऱ्यामार्फत आहे.

या वाऱ्यांचा पहिला पद्धतशीर अभ्यास १९२०च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने केला. तो आकाशात फुगे सोडून त्यांचा मागोवा घेत असे. जगभरच्या लोकांना वाचता यावं म्हणून त्याने आपले निष्कर्ष एस्पेरान्तो या जागतिक म्हणून रचलेल्या भाषेत छापले. एस्पेरान्तो येणारे थोडेच होते, त्यामुळे त्याचं काम फारसं कोणी वाचलंच नाही. पुढे १९४४ मध्ये जपानवर उंचावरून बॉम्बफेक करायला निघालेल्या अमेरिकन बी-२९ विमानांना हे वारे आडवे आले. त्यांच्या वेगाने वैमानिकही थक्क झाले आणि बॉम्बही नेम चुकून पडू लागले. एवढ्या मेहनतीने केलेलं आणि जगाला देऊ केलेलं ज्ञान असं पडून राहावं, याची मला फार हळहळ वाटते.

आता हिशोब मांडू. मोठं प्रवासी विमान हवेच्या मानाने ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने उडतं. वारा अजिबात नसता तर १२,५०० किलोमीटरला १४ तासांच्या किंचित आत वेळ लागला असता, जाताना आणि येतानाही. हिशोबापुरतं समजू की वाटेत सरासरी ७० किलोमीटरचा वारा पश्चिमेकडून आहे. जाताना तो विरुद्ध, म्हणून जमिनीच्या मानाने वेग ८३० आणि वेळ १५ तास. येताना तो पाठीशी, म्हणून वेग ९७० आणि वेळ १३ तासांच्या जरासा आत. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ तिकिटावर धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, उतरण्यासाठी घिरट्या घालणं यांसाठी एक तास धरला की मुलाने सांगितलेले १६ आणि १४ मिळतात. मुंबईत हा तास कमी पडू शकतो. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत.

एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जाताना वाऱ्याने नेलेला वेळ येताना पुरता परत मिळत नाही. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त तास राहतं आणि पाठीच्या वाऱ्यात कमी तास. म्हणून दोन्ही फेऱ्या मिळून वाऱ्यामुळे तोटाच होतो. वरच्या उदाहरणात तो दहा मिनिटांचा आहे.

वाऱ्याच्या जोराची कल्पना यावी म्हणून एक प्रसंग सांगतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘कियारा’ नावाच्या वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. त्याचा जमिनीवरचा वेग ताशी १,३००च्या वर गेला होता. तेव्हा विमानाने आवाजाचा वेग ओलांडल्याच्या बातम्या काहींनी पसरवल्या. त्या खऱ्या नव्हत्या. आवाजही हवेतूनच जातो, तेव्हा तुलना हवेच्या मानाने करायला हवी, आणि भोवतालच्या हवेच्या मानाने ते विमान रोजच्याच वेगाने चाललं होतं.

म्हणूनच जाण्याची आणि येण्याची वाट सहसा एक नसते. येताना वैमानिक मुद्दाम जोरदार वाऱ्यात शिरतात आणि जाताना त्याला बगल देतात. उत्तर अटलांटिकवर तर रोजच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन पश्चिमेकडचे आणि पूर्वेकडचे वेगवेगळे मार्ग दररोज नव्याने आखले जातात. कॅनडातलं गँडर आणि आयर्लंड-स्कॉटलंडमधून चालणारं शॅनविक ही दोन केंद्रं ते काम करतात.

दोरा जे दाखवत नाही ते राजकारण. हवेत दिसत नसल्या तरी तिथेही सरहद्दी असतात. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ पासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपलं आकाश बंद ठेवलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्याने ते भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद केलं. २०२२ पासून अमेरिकेच्या आणि युरोपातल्या बहुतेक देशांच्या कंपन्यांना रशियाचं आकाश मिटलेलं आहे. तुमच्या दोऱ्यावरचं पहिलंच नाव सिंध आणि मधलं मॉस्को. त्यामुळे विमान कोणत्या देशाचं आहे आणि त्या दिवसांत कोणाचं कोणाशी बिनसलं आहे, यावरही रस्ता ठरतो. त्यामुळे काही शे किलोमीटर सहज वाढतात, इंधन जास्त लागतं, आणि कधी वाटेत उतरून ते भरून घ्यावं लागतं.

खिडकीजवळची जागा मिळाली तर एक पाहून ठेवा. वर जे ६५ अंश म्हटलं, तिथे जमीन फिरण्याचा वेग ताशी ७००च्या आसपास असतो, आणि पश्चिमेकडे चाललेलं तुमचं विमान त्याहून वेगाने पळत असतं. म्हणजे त्या टप्प्यात तुम्ही सूर्यापुढे पळत असता आणि पहाट तुम्हाला गाठू शकत नाही. डिसेंबरात रात्री १ ला निघून सकाळी ६.३० ला उतरणाऱ्या विमानातला जवळजवळ सगळा प्रवास, सोळाही तास, अंधारात होतो. जूनमध्ये मात्र मॉस्कोच्या सुमारासच उजाडतं.

तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला आणखी एक विचारलं आहे: भाची दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला पॅसिफिकवरून, म्हणजे ‘उलट्या बाजूने’ गेल्याचं सांगते, ते शक्य आहे का? आहे. एअर इंडियाचं हे विमान आधी अटलांटिकवरून जायचं. ते अंतर सुमारे १३,९०० किलोमीटरचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पूर्वेकडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त लांब. तरीही विमान साडेचौदा तासांतच पोचू लागलं, आधीपेक्षा लवकर, कारण आता वारा पाठीशी होता. भाची जास्त लांबून गेली आणि लवकर पोचली, हे दोन्ही खरं आहे.